दोन बाळांचं बोंडलं

मी एक बोंडलं. हल्लीच्या आयांना माझं नावही ठाऊक नसतं, म्हणून आधी ओळख करून देतो. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं मी एक छोटं चांदीचं भांडं. पोट वाटीसारखं, पुढं लांब चोच. ती चोच बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात टेकवायची आणि दूध थेंबाथेंबानं आत सोडायचं. घाई केली की बाळाला ठसका लागतो, म्हणून पाजणारा हात कसा आहे ते मला लगेच कळतं. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि माझे सगळे भाऊबंद मोडीत गेले. मी तेवढा वाचलो. एके काळी मला त्याचा फार तोरा होता.

माझा जन्म उदगीरचा. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक म्हातारे सोनार बसत, गळ्यात घालायच्या लिंगाच्या चांदीच्या डब्या घडवत. गुरुबसप्पा नावाचे धान्याचे व्यापारी एके दिवशी आपल्या आईच्या पायातल्या तोरड्या घेऊन त्यांच्याकडं आले आणि म्हणाले, "नातू झालाय. बोंडलं करा." त्याच साली लातूर उस्मानाबादेतून निराळं होऊन नवा जिल्हा झालं होतं. गुरुबसप्पांनी पेढे वाटले ते नातवाचे की जिल्ह्याचे, हे कुणालाच नीट कळलं नाही. जिल्ह्याच्या गावी व्यापार वाढणार म्हणून त्यांनी बिऱ्हाड लातुरात हलवलं. खाली आडत दुकान घातलं, वर राहायला माडी बांधली.

नातवाचं नाव शरणप्पा. त्याला सांभाळायला बानो नावाची मुलगी ठेवली. काय हात होता तिचा! तिनं पाजलेल्या दुधाचा कधी ठसका लागला नाही. शरणूच्या तोंडून पहिला शब्द निघाला तोही 'बानो'. त्याच्या आईचं तोंड थोडं उतरलं, बाकी सगळे हसले.

नव्या जिल्ह्यात तेव्हा रोज नवी कचेरी उघडायची. दुकानाची नोंद झाली, शरणूच्या जन्माची झाली, धान्य मोजायच्या वजनांवरसुद्धा शिक्के बसले. बानोचं नाव कुठं लिहायचं असतं, असं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही. ती घरचीच होती ना! शरणू ताटात जेवायला लागला आणि मी फडक्यात गुंडाळला जाऊन कपाटात गेलो.

मला पुन्हा उजेड दिसला तो थेट शरणप्पाला मुलगी झाली तेव्हा. त्याची बायको शिवकांता मुरुडच्या शाळेत शिक्षिका होती. तिला बाळंतपणाची भरपगारी रजा मिळाली. त्या रजेचे कागद घेऊन शरणप्पा स्वतः हिंडला. एक सही अडली, तर साहेबाशी भांडून आला. "बाळंतिणीचा हक्क हाय तो, उपकार न्हाई," असं त्यानं ऐटीत सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

रजा संपली आणि मुलीला, म्हणजे चिमीला सांभाळायला बानोची लेक गौसिया येऊ लागली. बानो आता थकली होती, तिचे हात कापत. पण तिचा हलका हात लेकीत उतरला होता. चिमीनं बाटली थुंकून दिली, शिवकांताच्या हातून दूध घेईना. तिला बोंडलं हवं आणि पाजायला गौसिया हवी. मी पुन्हा मिरवू लागलो.

तो दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्या घरची बोअर आटली. टँकर आला की खाली अंगणातली पिंपं भरत, आणि तिथून घागरी जिन्यानं वर न्यायच्या. गौसियाचा नवरा फारूक गवंडीकाम करायचा. पाण्यावाचून बांधकामं बंद पडली आणि तो घरी बसला. घर गौसियाच्या पगारावर चाललं होतं, आणि गौसियाला दिवस गेले होते.

एकदा चिमीला पाजता पाजता ती शिवकांताला म्हणाली, "वैनी, आमच्या गल्लीत एक बाई आल्या होत्या. घरकाम करणाऱ्या बायांची नावं नोंदवून राहिलेत म्हणं. नाव लागलं की बाळंतपणाला सरकारी मदत मिळती. अण्णांनी तेवढं लिहून द्यायचं, ही आमच्याकडं कामाला हाय म्हणून."

"देतील की. सांगते मी."

"आन् वैनी, मी घरी बसले तर त्या दिवसांचा पगार..."  ती माझी चोच पुसत बसली.

शिवकांतानं नवऱ्याला सांगितलं. "सही करून टाका, आपलं काय जातं," असंही म्हणाली. शरणप्पा करणारही होता. पण शेजारच्या दुकानातले माणिकप्पा चहाला आले आणि त्यांनी घोळ घातला. "खुळा हायस का? एकदा लिहून दिलंस की ती कायमची नोकर झाली. उद्या फंड मागंल, परवा पेन्शन. बायामाणसांना प्रेमानं ठेवायचं, कागदानं न्हाई."

शरणप्पा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला एवढं दुखलं नसतं. त्याला सही करायची भीती वाटली आणि नाही म्हणायची लाज वाटली. मग त्यानं मधला मार्ग काढला. गौसियाला सातवा लागला तेव्हा त्यानं तिची ओटी भरायचं ठरवलं, थेट घरच्या लेकीसारखी.

काय थाट होता! हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, पाच फळं. आमच्या समाजातल्या बायका आल्या. गौसियाला पाटावर बसवलं, शिवकांतानं ओटी भरली. बानो कोपऱ्यात बसून पदरानं डोळे पुसत होती. शरणप्पा सगळ्यांसमोर म्हणाला, "बानोमावशीनं मला वाढवलं. गौसिया माझी बहीणच हाय." गौसिया हमसून हमसून रडली. मीही भाळलो. कपाटावर बसून मनात म्हणालो, घर असावं तर असं.

चार-आठ दिवसांनी कचेरीतून एक बाई चौकशीला आल्या. गौसियानं अर्ज केला होता, त्यात शरणप्पाचं नाव होतं, म्हणून खात्री करायला. गौसिया चिमीला मांडीवर घेऊन पाजत होती. हातात मी होतो आणि त्याच हातात ओटीच्या हिरव्या बांगड्या.

"या तुमच्याकडं कामाला आहेत ना?" बाईंनी विचारलं.

शरणप्पा हसला. "कामाला? छे हो! ही माझी बहीण हाय. परवाच ओटी भरली आम्ही हिची. बघा की बांगड्या."

बाई गौसियाकडं वळल्या. "खरं का?"

त्या वेळी तिच्या बोटांची पकड माझ्यावर इतकी घट्ट झाली की मला वाटलं, आता ती खरं ते सांगणार. पण ज्यानं भरल्या घरात बहीण म्हटलं, त्याच्याच तोंडावर 'न्हाई, मी पगारी बाई हाय' कसं म्हणायचं? मिळालेला मान परत फेकायचा? ते तिला जमलं नाही.

"हाव मॅडम," ती म्हणाली. "बहीणच हाय मी यांची."

बाईंनी अर्जावर रेघ मारली आणि जिना उतरून गेल्या. शरणप्पाला हायसं वाटलं. त्यानं त्या दिवशी गौसियासाठी आंबे आणवले.

बहिणीला कसली रजा आणि कसला पगार? गौसिया आठव्या महिन्यातही येत राहिली. चिमीचे लंगोट धुवायला पाणी लागे, म्हणून घागरीही तीच वर आणी. "ठेव गं, मी आणते," असं शिवकांता म्हणायची, पण ती शाळेतून यायच्या आत पुढचा टँकर येई, आणि त्याआधी पिंप रिकामं करावं लागे. एके दिवशी गौसिया जिन्यातच मटकन खाली बसली. दिवस भरायच्या आधीच ती सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. अगदी एवढीशी. आईच्या अंगावरचं दूध ओढायचंही बळ नव्हतं तिच्यात.

बानो मला मागायला आली. शरणप्पानं स्वतः मला उकळत्या पाण्यातून काढून तिच्या हाती दिलं. "मावशी, ही काय मागायची गोष्ट हाय? तुझ्याच हातनं प्यालो की मी ह्यातनं."

असा मी गौसियाच्या पत्र्याच्या घरी गेलो. चिमी कशी ओरडून दूध मागे! ही बाळी गप्प असे. गौसिया आपलं दूध काढून माझ्यात घाली आणि थेंब थेंब सोडी. आधी निम्मं बाहेर यायचं. मग हळूहळू बाळी गिळायला शिकली. पुढं पुढं तर माझी चोच लागली की आपणहून तोंड उघडू लागली. त्या तोंड उघडण्याचा मला जो आनंद झाला, तो कुठल्याच श्रीमंताच्या बाळानं दिला नव्हता. "नाव काय ठेवायचं?" फारूकनं विचारलं. बानो म्हणाली, "जरा अंग धरू दे तिला. मग ठेवू."

जून लागला. पाऊस नव्हता, पण शिवकांताची शाळा उघडली. सुटीत आई अंगावर पाजत होती, आता चिमी वरच्या दुधाला तोंड लावेना. एका सकाळी शरणप्पा रिक्षा घेऊन दारात उभा राहिला.

"गौसिया, दोनच तास ये. बोंडलंही घे. भावाचं लेकरू उपाशी हाय गं."

"अण्णा, तिला अजून नीट उभं राहता येत न्हाई," फारूक म्हणाला.

"म्हणून तर रिक्षा आणली."

बानोनं दबकत विचारलं, "शरणू, ती घरी हाय तवापासून पगार न्हाई आला रे."

"बहिणीचा कुठं पगार मोजतात मावशी? लागंल तसं देईन की."

डब्यातलं पीठ संपत आलं होतं. फारूकनं मान खाली घातली. गौसियानं दूध काढून वाटीत ठेवलं, चमचा बानोच्या हाती दिला आणि मला पदरात गुंडाळून रिक्षात बसली. जाताना बाळीकडं दोनदा वळून पाहिलं.

चिमीनं आम्हाला पाहून टाळ्या वाजवल्या. गटागटा प्याली, हसली, पुन्हा प्याली. गौसियाची चोळी दुधानं भिजली होती. ती सारखी दाराकडं बघत होती. तेवढ्यात फारूक जिना चढून आला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "गौसिया, घरी चल."

बानोनं चमच्यानं पाजलं होतं. हात थरथरला, एकदम जास्त दूध गेलं, ठसका लागला. शरणूला ज्या हातानं कधी ठसका लागू दिला नाही, त्याच हातानं. आणि मी? बाळीनं तोंड उघडलं तेव्हा मी चिमीच्या तोंडात होतो.

बाळीचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.

पाऊस आला, नद्या वाहिल्या, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शरणप्पा एके दिवशी मला नव्या कापडात बांधून गौसियाकडं गेला. बानोच्या पायांवर डोकं ठेवून रडला, खरंखुरं रडला. मग मला गौसियापुढं ठेवून म्हणाला, "हे तुझं. भावानं बहिणीला दिलं समज."

गौसियानं मला हात लावला नाही. मग म्हणाली, "अण्णा, बहीण नका म्हणू मला. लिहून द्या, गौसिया माझ्याकडं कामाला होती."

"आता त्याचा काय उपयोग, गौसिया?"

"कायबी न्हाई. तरी द्या."

त्यानं खिशातल्या डायरीचं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवून लिहिलं, सही केली. गौसियानं फारूककडून ते वाचून घेतलं. बाळीसाठी शिवलेलं टोपडं काढलं, कागदाची घडी त्याच्या आत ठेवली. मला उचललं, पदरानं पुसलं आणि शरणप्पाच्या हातात परत दिलं. "हे चिमीचं हाय," म्हणाली.

आता मी कपाटात आहे. चिमी शाळेत जाते. मला कुणी घासत नाही, मी काळा पडलोय, आणि ते बरंच आहे. गौसिया दुसरीकडं बाळं सांभाळते, पण पहिल्या दिवशी कामाचं लिहून घेतल्याशिवाय बाळाला हात लावत नाही, असं शिवकांता एकदा सांगत होती. 

या घरात पुन्हा पाळणा हलेल तेव्हा मला बाहेर काढतील. माझी एवढीच विनवणी आहे, मला तसाच वापरू नका. मला सोनाराकडं न्या, वितळवा. आणि पुन्हा बोंडलं घडवायचंच असेल, तर लहान झाली तरी चालतील, पण दोन घडवा. एक घरच्या बाळाला, आणि एक, त्या बाळाला सांभाळायला येणारीच्या बाळाला.