क्लचवरचा ठोकळा

"एवढी यार्डं पडली आहेत जगात, हिला नेमकं हेच सापडलं," आमचे हे पुटपुटले.

टेम्पोच्या पुढच्या सीटवर आम्ही तिघं खेटून बसलो होतो. ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्री भाऊजी चालवत होते, मधे हे आणि दाराशी मी. माणसाला पुटपुटायचंच असेल तर त्यानं निदान हातभर अंतर राखावं. यांचं कोपर माझ्या बरगडीत होतं आणि कुरकुर थेट माझ्या कानात.

"गेला असेल हो दादा एव्हाना," गिअर बदलत भाऊजी म्हणाले. "वर्ष होत आलं."

"कोण गेला?" मी विचारलं.

भाऊजींनी उगाच हॉर्न वाजवला. मग भाऊजी म्हणाले, "यार्डाचा मालक, वहिनी. थकला होता फार. चांगला माणूस होता."

मी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याला हात जोडले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मला ट्रॅक्टर घ्यायचा होता. नवा नव्हे, नव्याकडे नुसतं बघायलासुद्धा आमच्यासारख्यांनी आंघोळ करून जावं. जुना, पण दूध विकून साठवलेल्या माझ्या पैशांत बसेल आणि माझ्या हाताखाली चालेल असा. वर्षभर भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढलं होतं. जमिनीला वाफसा असतो, ती हातात घेतली की भुसभुशीत सुटते, तेव्हा भाड्याचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात असतो. आपल्याकडे येतो तेव्हा ढेकळं अशी झालेली असतात की फेकून मारली तर केस होईल. शेजारच्या बाईकडून जुन्या ट्रॅक्टरांच्या या यार्डाबद्दल ऐकलं आणि मी हट्टच धरला.

त्याआधी आमच्याकडे लाल्या होता. तोही जुनाच घेतलेला, रंगानं लाल म्हणून लाल्या. यांनी घेतला आणि आठवड्यातच बांधावर एक चाक चढवून तिरका उभा केला. उतरले ते उतरलेच, पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. मग मीच पडीक रानात संध्याकाळी गोल गोल फिरवून शिकले. शिकवायला कुणी नव्हतं म्हणून ओरडायलाही कुणी नव्हतं. अडचण एकच होती. देवानं मला उंची देताना हात आखडता घेतलेला. क्लच दाबायचा तर सीटच्या टोकावर घसरून यावं लागे. शेवटी मिस्त्री भाऊजींनी क्लचच्या पायडलवर दोन बोटं जाडीचा लोखंडी ठोकळा वेल्डिंग करून दिला. माझ्या चपलेचा पट्टा त्याच्या कोपऱ्यात अडकायला लागला, तर त्यांनी तो कोपराही तिरका कापून दिला. "घ्या वहिनी, आता हा ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाच्या पायाचा राहिला नाही," असं म्हणाले होते.

त्यानंतर मी पुढे आणि हे मागे ट्रॉलीत. पाठमोरे बसायचे, पोत्यांकडे तोंड करून. मला वाटायचं, पोती पडतील म्हणून लक्ष ठेवतात बिचारे.

गेल्या वर्षी माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. घरी आले तर शेडमध्ये लाल्याच्या जागी सासूबाईंनी कपडे वाळत घातलेले. भाऊजी पायरीवर बसून होते, माणूस सांत्वनाला येतो तसे. "वहिनी, इंजिनाचा ब्लॉक तडकला हो. तेलात पाणी गेलं. तेल मोजायची पट्टी काढून बघितली तर तेल दुधाळ, चहासारखं. काही राहिलं नव्हतं त्याच्यात." टाक्यांवर हात दाबून धरून मी रडले. निदान एकदा बघू तरी द्यायचा होता, असं मी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "बघून काय करणार होतीस? तुकडे झाले त्याचे." लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, बरंच झालं, आता आराम कर." भंगाराचे जे काही आले ते तुझ्या औषधांना लागले, असं हे म्हणाले, तेव्हा तर मला वाटलं, जाता जातासुद्धा लाल्या माझ्या उपयोगी पडला. त्या दिवशी भाऊजींना मी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

यार्डात पोचलो तर फाटकाशी एक तरुण मुलगा खुर्ची टाकून बसला होता. मालकांचा जावई.

"मालकांचं ऐकून वाईट वाटलं," मी म्हणाले.

"हो ना काकू. पण डॉक्टर म्हणाले, उद्या पट्टी काढू. मोतीबिंदू काय आजकाल चुटकीसरशी होतो."

मी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी एका टायरकडे इतकं निरखून बघत होते, जणू त्यावर काही लिहिलं होतं. चुकीचं कळलं असेल त्यांना, असं मी स्वतःला सांगितलं. जिवंत माणसाला फुकट श्रद्धांजली वाहून झाली होती, एवढंच.

पहिला ट्रॅक्टर चालू केला आणि यार्डात अंधार पडला. एवढा धूर की समोरचा जावई नुसता खोकल्यावरून ओळखायचा.

"हा चांगला आहे," हे म्हणाले.

मला आधी थट्टाच वाटली. टोमॅटो घेतानासुद्धा एकेक चार वेळा दाबून बघणारा हा माणूस.

"अहो, धूर दिसतोय का?"

"सगळेच सोडतात. घेऊन टाक आणि चल. ऊन होतंय."

"रंग मारून देतो मी वहिनी, नवरीसारखा होईल," भाऊजी म्हणाले.

"नवरीला दमा आहे भाऊजी," मी म्हणाले आणि पुढे गेले.

दुसऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला मी चालू करायच्या आधीच हात लावला. गरम. सकाळी आमच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलेला, म्हणजे थंड असताना सुरू व्हायला नखरे करणारा.

"काकू, तुम्ही तर ताप बघता डॉक्टरसारखा," जावई हसला. चोरी पकडल्यावर हसणारा मुलगा मला आवडतो. पण हे म्हणत होते, "हाही चालेल." तिसऱ्याचं स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकाला खबर नव्हती, तर भाऊजी म्हणाले, "सवय होते." मला काही कळेना. इतकी वर्षं या दोघांबरोबर काढली. एकाला काही पसंत पडत नाही, दुसऱ्याला लबाडी सहन होत नाही. आज दोघांनाही सगळंच आवडत होतं. फक्त यार्डाच्या त्या टोकाला, भिंतीशी ताडपत्री घातलेलं जे काही उभं होतं, तिकडे दोघंही बघत नव्हते.

"तो कुठला?" मी विचारलं.

"तो राहू द्या काकू," जावई म्हणाला. "इंजिन सोनं आहे हो, कधी उघडलेलंसुद्धा नाही. पण गिऱ्हाईक बसतं आणि उतरतं. कुणीतरी बुटक्यानं क्लचवर ठोकळा मारून घेतलाय. धड उंचीचा माणूस बसला की त्याचा गुडघा स्टिअरिंगला लागतो. कापून टाकतो म्हटलं तर सासरे ऐकत नाहीत. ज्याच्या मापाचा आहे तो येईल म्हणतात. म्हणून तर स्वस्तात पडलाय."

त्यानं ताडपत्री ओढली. खाली निळा ट्रॅक्टर होता. रंग नवा, मडगार्डच्या कडेला ओघळ सुकलेले. निळा बघून माझ्या मनात काही आलं नाही. मी चढले. चढताना उजवा हात आपसूक मडगार्डच्या आतल्या कडेला गेला, जिथे पत्रा थोडा दुमडलेला होता आणि बोटं बरोबर बसत होती. सीटवर बसले. डावा पाय पुढे केला.

पाय पोचला.

टोकावर घसरावं लागलं नाही, टाच उचलावी लागली नाही. चपलेचा पट्टा कुठे अडकला नाही. मी वाकून बघितलं. ठोकळ्यावरही निळा रंग होता, पण कोपरा तिरका कापलेला होता.

मला वाटतं, माणूस आरशात अचानक स्वतःला बघून आधी दुसरंच कुणी समजतो, तसं क्षणभर झालं. मग पोटातले जुने टाके ओढल्यासारखं वाटलं. भंगारात तुकडे झालेला माझा लाल्या माझ्या बुडाखाली धडधाकट उभा होता, आणि त्याला मारणारे दोघं समोर, एक टोपी फिरवत, एक रुमालानं मान पुसत.

मी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते त्यांना सोपं गेलं असतं. बाई ओरडते, पुरुष "ऐकून तर घे" म्हणतो, आणि तेवढ्यात काहीतरी रचून होतं. मी ओरडले नाही. मी गिऱ्हाईक झाले.

"भाऊजी, बघा की जरा. तुमच्यावाचून कोण सांगणार?"

"काय बघायचं वहिनी? जुनाट दिसतोय."

"आपण जुनाटच घ्यायला आलोय. तेलाची पट्टी काढून दाखवा."

भाऊजींनी यांच्याकडे बघितलं. यांनी आभाळाकडे. भाऊजींनी पट्टी काढली, फडक्यानं पुसली, आत घातली, पुन्हा काढली.

"इकडे आणा. दिसत नाही मला तिथून."

त्यांनी ती माझ्यासमोर धरली. टोकाला तेल होतं. काळं, घट्ट, चकचकीत.

"दुधाळ आहे का हो?"

"नाही," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे पाणी नाही गेलेलं."

"नाही."

"म्हणजे ब्लॉक चांगला."

त्यांनी ती पट्टी पुन्हा पुसली आणि पुन्हा आत घातली, जणू देव मनावर घेईल आणि या खेपेला तरी दुधाळ निघेल. काळीच निघाली. ज्या हातांनी कोपरा कापून दिला होता त्याच हातांकडे मी बघत होते. त्यांना खोटं नीट जमत नव्हतं. तरी वर्षभर माझ्याकडे चहा पिताना ते जमवलं होतं.

"चांगला आहे," शेवटी ते म्हणाले.

"बघा काकू, मी म्हणालो नव्हतो?" जावयाला आपला माल पास झाल्याचा आनंद. "कागद आतच आहेत. आणू? पहिला मालक कोण, सगळं त्यात आहे."

"कागद नंतर," हे एकदम म्हणाले. यार्डात पोचल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं.

"राहू द्या कागद," मीही म्हणाले. मला ते कागदावर वाचायचं नव्हतं. माझ्याबरोबर संसार केलेल्या तोंडातून ऐकायचं होतं. "किल्ली तेवढी आणा बाळा."

जावई पत्र्याच्या खोलीकडे पळाला. आम्ही तिघं उरलो. नेहमीचे तिघं. याच तिघांनी या ट्रॅक्टरला पहिला नांगर जोडला होता.

"वहिनी..." भाऊजींनी सुरुवात केली.

"तुमचं काम झालं भाऊजी. तुम्ही तेल बघितलंत." मी यांच्याकडे वळले. "अहो, तुम्ही सांगा. घ्यायचा का हा?"

"गुडघा लागेल स्टिअरिंगला," हे म्हणाले.

"कुणाचा? चालवणार मी आहे."

"तुझी तब्येत..."

"तब्येतीला वर्ष झालं. गेल्या महिन्यात ढेकळं फोडली मी कुदळीनं, तुमच्यादेखत. तेव्हा नाही आठवली तब्येत."

"निळा रंग तुला आवडत नाही."

यावर मला खरंच हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्या दिवशी. मी नुसती बसून राहिले. डावा पाय ठोकळ्यावर, हात मांडीवर. शेडमधल्या वाळत घातलेल्या कपड्यांपासून लेकीच्या फोनपर्यंत सगळं माझ्या डोक्यात एकामागून एक जागच्या जागी बसत होतं. आराम कर, बघून काय करणार, काही राहिलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. घरात मीच एकटी सुतकात होते.

हे हळूहळू जवळ आले. मडगार्डला टेकले. बोटाला काहीतरी चाळा लागतो त्यांना, गप्प राहायचं असलं की. नखानं रंगाचा एक फुगलेला पापुद्रा खरवडायला लागले. निळा पापुद्रा सुटला, आणि खाली नखाएवढा लाल दिसला. त्यांनी त्याच्यावर अंगठा ठेवला. मग काढून घेतला.

पत्र्याच्या खोलीत जावई किल्ल्यांचा जुडगा चाळत होता. एक लागेना, दुसरी बघत होता.

"इंजिन फुटलं नव्हतं," हे म्हणाले. माझ्याकडे नाही, त्या लाल ठिपक्याकडे बघत. "याला मीच बोलायला लावलं. आईला, पोरीलाही. तो नको नको म्हणत होता."

भाऊजी मान खाली घालून फडकं पिळत होते, त्यात पिळण्यासारखं काही नसताना.

"का?" मी विचारलं.

यांनी सुटलेला पापुद्रा दोन बोटांत चुरला.

"ट्रॉलीत पाठमोरा बसायचो ना मी," हे म्हणाले. "पोती बघायला नाही बसायचो. रस्त्यावरच्या लोकांची तोंडं दिसू नयेत म्हणून. तू पुढे, आणि मी मागे, तू ओढशील तसा. मला नाही सहन झालं. तू दवाखान्यात होतीस, तेव्हाच जमलं असतं. तू घरी येऊन परत चढू नयेस म्हणून विकला."