उंबऱ्याआतलं दूध

रबियाचं दूध आटलं होतं आणि तान्ह्या अनीसाला डब्यातली पावडर पचत नव्हती. पोटात गेली की उलटी. बासष्ट सालच्या त्या कतारमधल्या दोहात पोरीचा जीव तगला होता तो कोपऱ्यावरच्या नोराबाईंच्या शेळीवर. नोराबाई आयर्लंडातल्या शेतकऱ्याची लेक. नवरा इंजिनिअर, महिना महिना दुखानच्या तेलविहिरींवर. रोज सकाळी त्या मागच्या दारात रबियाची लोटी भरून देत.

मेच्या पहिल्या तारखेला मात्र दार अर्धंच उघडलं.

"आज दूध नाही देता येणार."

आत भरलेलं भांडं तर समोर दिसत होतं! रबियाच्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी गोरी ती गोरीच, असं पुटपुटत ती वळली. खांद्यावर अनीसा भुकेनं टाहो फोडत होती.

"थांब गं!" नोराबाई रडकुंडीला आल्या. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगू लागल्या, "आमच्या गावी आजपासून उन्हाळा लागतो. आज घरातलं दूध, विस्तव, मीठ बाहेर गेलं, तर वर्षाची बरकत त्याच्यामागे चालती होते. आईनं एकदा शेजारणीला दूध दिलं आणि आमची गाय गेली."

रबियाचा निम्मा राग तिथेच उतरला. तिन्हीसांजेला कुणाला दूध दिलं, तर रत्नागिरीत तिची सासू घर डोक्यावर घ्यायची. खुळांना कुठला मुलूख वर्ज्य आहे? पण त्यानं पोरीचं पोट भरत नाही.

"दूध बाहेर जायचं नाही ना, मेमसाब? मग पोर आत येते," म्हणत ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसली. आजवर तिनं तो उंबरा ओलांडला नव्हता.

अनीसा चमच्याचमच्यानं प्यायली, ढेकर देऊन शांत झाली. नोराबाई हसल्या आणि लगेच त्यांचा चेहरा पडला.

"पण पोटातलं दूध? ते बाहेर जाणारच की!"

रबियाला हसू आवरेना. "मग पोर ठेवून घेता काय?"

"सूर्य मावळेपर्यंत थांबशील?"

हे इतक्या हळू विचारलं, की रबियाचं हसू विरलं. बरकतीची भीती खरी असेलही. पण या घरात महिना महिना बोलायला माणूस नव्हतं, आणि आपण रोज लोटी घेऊन दारातूनच परतत होतो.

तिनं बुरखा काढून खुंटीला अडकवला आणि पोर नोराबाईंच्या मांडीवर दिली.

"तांदूळ कुठं ठेवलेत?" तिनं विचारलं. "आज मी रांधते."