'अजून आहे का?': पालीच्या एका जुन्या फ्रीजरची कबुली

मी एक जुना डीप फ्रीजर आहे. रंगाने कधीकाळी पांढरा, आता ताकासारखा पिवळट. भाईंदरच्या पश्चिमेला समुद्राच्या कडेला पाली नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथे जिजाबाईंच्या घराच्या पडवीत, जाळीच्या दाराआड मी उभा असतो. मित्रांनो, आपली गोष्ट सांगताना लोक छाती फुगवतात. माझी छाती चांगली रुंद आहे, तरी आज मी मान खाली घालून सांगणार आहे. का, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही, नुसता पत्र्याचा आवाज आठवतो. माझी खरी आठवण सुरू होते ती पालीच्या गल्लीपासून. जिजाबाईंचे यजमान गोपीनाथ मला टेम्पोतून घेऊन आले आणि टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडकला. आमच्या गल्ल्या अशा, की समोरून स्कूटर आली तर माणसाने भिंतीला पाठ लावायची. मग आठ जणांनी मला बांबूला बांधलं आणि होडी ओढताना देतात तशी हाळी देत घरापर्यंत आणलं. जिजाबाईने नारळ फोडला, झाकणाला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, "आता बर्फवाल्याची मिजास संपली."

आणि संपलीच! त्याआधी उरलेली मासळी तिला संध्याकाळी पडेल त्या भावाने काढावी लागे. मी आलो आणि सुरमई, पापलेट माझ्या पोटात दुसऱ्या दिवसापर्यंत ताठ राहू लागली. बाजारात बायका म्हणायच्या, "जिजाबाईची मासली कवाबी घ्या, डोळा चमकतो." तो डोळा मी चमकवत होतो, हे कुणी म्हटलं नाही. जाऊ दे. कौतुक ऐकायची मला सवय होती आणि त्याची थोडी घमेंडही होती. मालकिणीकडून दुसरं काय शिकणार?

जिजाबाईची घमेंड भाईंदरच्या अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. शिक्षण तिसरी पास, जीभ मात्र वकिलाची. मासळीचा लांबूनच भाव विचारून पुढे जाणारी बाई दिसली की ती म्हणायची, "काय बाय, मासली लग्नाला दाखवाया आनलीय काय? बघून जातंस ती?" पण कुणी खाली बसून माशाचे कल्ले उघडून बघितले, पोट दाबून बघितलं, दहा प्रश्न विचारले, तर ती अजिबात चिडत नसे. उलट सुनेला सांगायची, "कल्ले उघडते ना, ती घेते. लांबून विचारते, ती टाइमपास." हा तिचा नियम. चाळीस वर्षं तो चुकला नव्हता. मित्रांनो, हा नियम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोपीनाथ गेले, होडी विकली. जिजाबाई अजूनही बाजारात बसते, पण टोपलीत मावेल तेवढीच मासळी घेते आणि विकूनच उठते. मी रिकामा पडलो. माझ्या डोक्यावर आधी वर्तमानपत्रं आली, मग कांद्याची टोपली, मग छत्र्या. शेवटी सून रुचिता म्हणाली, "आई, हा विकूया ना. इथे वॉशिंग मशीन बसेल."

"भंगारात न्हाय देनार," जिजाबाई म्हणाली. "त्याच्यावर घर उभं राह्यलंय. कामाला लागंल अशा घरात गेला पाहिजे."

मला भरून आलं. म्हणजे थोडं पाणी सुटलं. माझं रबर तेव्हाच सैल झालं होतं.

रुचिताने माझे फोटो काढले, चांगल्या बाजूने, आणि किंमत, पत्ता घालून मोबाईलवर जाहिरात टाकली. ती दिवसभर मीरा रोडला ऑफिसात असते, म्हणून जाहिरातीचा फोन तिने सासूच्या हातात दिला. "मेसेज आला की हा अंगठा दाबा, म्हणजे समोरच्याला कळेल पोचला. वाचून मला संध्याकाळी सांगा. वाचता येतील ना?"

"मना तिसरीपर्यंत मास्तरांनी काय गोट्या खेलाया शिकवलं?" जिजाबाई फणकारली.

पहिल्या दिवशी सतरा जणांनी विचारलं, 'अजून आहे का?' मराठीत लिहिलेलं तिने बोट फिरवत वाचलं आणि "हाय! हाय! हाय!" असं फोनमध्ये बोलून सतरा जणांना पाठवलं. सतरापैकी एकानेही पुढे तोंड उघडलं नाही. एकाने फोन केला, "आंटी, लास्ट कितना?" ती म्हणाली, "पयले देखो तो सही." तो म्हणाला, "देखके क्या करना है, लास्ट बोलो." एकाला माझ्या बदल्यात गिटार द्यायची होती. "गिटारीत मी बांगडे ठेवू?" असं तिने विचारल्यावर तो अदृश्य झाला.

मग शशिकांत नावाचे गृहस्थ प्रत्यक्ष आले. त्यांनी माझ्यावर टकटक केलं, जसा मी कलिंगड आहे. पडवीत बसले, दोन कप चहा प्यायले, आपल्या घरचा फ्रीज कसा एकोणीस वर्षं चालला त्याची गोष्ट सांगितली आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून गेले. त्यांचं घर अजून विचारातच आहे.

जिजाबाई पेटली. बाजारात डोळ्यासमोर गिऱ्हाईक असतं, त्याचं तोंड वाचता येतं. इथे नुसतं नाव आणि गोल फोटो. मीही तिच्याबरोबर पेटलो. गार वस्तू पेटू नये, पण पेटलो.

अशातच शुभदाचे मेसेज सुरू झाले. गोल फोटोत चष्मा लावलेली, तिशीतली बाई. मेसेज मराठीतच होते, पण इंग्रजी अक्षरांत. हल्ली बरेच जण तसंच लिहितात. जिजाबाईला आपली बाराखडी येते, इंग्रजी अक्षरं म्हणजे तिला मुंग्यांची रांग. तिने मेसेज धरला, लांब केला, जवळ केला. संध्याकाळी रुचिताला विचारायला तिचं तोंड उघडेना. तिचाच तो गोट्यांचा टोमणा आडवा आला ना! तिने नुसता अंगठा दाबला.

दुसरा मेसेज. अंगठा. दुपारी तीन मेसेज. तीन अंगठे. एकदा शुभदाने फोनच केला, तर जिजाबाईने तो कापला. "बोलाया लागली का सोडनार न्हाय," ती मला म्हणाली. हो, घरात कुणी नसताना ती माझ्याशी बोलते. "बघ रे, परत तीच चष्मेवाली. हिला घरात काम न्हाय काय?"

मी मनात हसलो. हेच माझं पाप, मित्रांनो. मलाही वाटलं, आणखी एक टाइमपास.

"काय म्हणतायत लोक?" रुचिता संध्याकाळी विचारायची.

"सगले रिकामटेकडे. मी बघितले," जिजाबाई म्हणायची.

गुरुवार उजाडला. जिजाबाई टोपली घेऊन बाजारात गेली. दुपारी चारला आमच्या जाळीच्या दाराशी शुभदा येऊन उभी राहिली. मी फोटोवरून ओळखलं. कपाळावर घाम, खांद्याला पिशवी, हातात मापाची टेप. टेम्पो तिने गल्लीच्या तोंडाशी उभा केला होता. तिने दार वाजवलं, "मावशी!" हाक मारली. मग जाळीतून हात आत घालून तिने माझी लांबी मोजली. टेप पुरी पोचेना, म्हणून दोनदा वाकून मोजली. माझ्याकडे तिने असं बघितलं, जसं बारा वर्षांपूर्वी जिजाबाईने बघितलं होतं. कुणीतरी मला पुन्हा कामाला नेणार होतं. माझ्या तारांत झिणझिण्या आल्या.

ती थांबली. फोनवर लिहायची, वाट बघायची, पुन्हा लिहायची. अर्धा तास झाला. तास झाला. टेम्पोवाला येऊन म्हणाला, "मॅडम, और कितना?" ती म्हणाली, "आंटीने हाँ बोला है भैया. कल अंगूठा दिया था."

मग तिच्या फोनमधून जिजाबाईने बोलून पाठवलेला मेसेज वाजला. मागे बाजाराचा गलका होता.

"ओ चष्मेवाली बाय! दिवसाला दहा-दहा मेसेज टाकतंस, घ्यायचं न्हाय तर लोकांचा टायम कशाला खातंस? माझं सामान टाइमपासवाल्यांसाठी न्हाय. घरात भांडी पडली असतील, ती घास जा!" आणि मागे चार-पाच कोळणींचं खदखदून हसणं.

शुभदाने ते एकदा ऐकलं. मग पुन्हा एकदा ऐकलं, खरं वाटत नसल्यासारखं. टेप गुंडाळून पिशवीत टाकली. टेम्पोवाल्याला म्हणाली, "नहीं मिला भैया, चलो." जाताना आमच्या अंगणाचं फाटक तिने नीट लावून घेतलं, कोंबड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून. मला तोंड नाही, नुसतं झाकण आहे. ते उघडून मी हाक मारू शकलो नाही.

संध्याकाळी जिजाबाई खुशीत घरी आली. "आज त्या चष्मेवालीला असं सुनावलं!" ती टोपली ठेवत म्हणाली. शेजारची मनोरमा कुंपणापाशी आली. "गो जिजा, तुझ्या दारात आज एक बाय दीड तास उभी होती. टेम्पो घेऊन आलती. चष्मा व्हता. मी म्हटलं बस पानी पी, तर न्हाय बोलली, मावशी येतीलच."

जिजाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

रुचिता ऑफिसातून आली तशी जिजाबाईने फोन पुढे केला. "वाच."

"तुम्ही वाचलेत ना, आई?"

"वाच म्हनतंय ना."

रुचिता माझ्या झाकणावर टेकून वाचू लागली. आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"नमस्कार मावशी. मी शुभदा, जेसल पार्कला राहते. मी घरी माशाचे कटलेट करून विकते... फ्रीजरचं झाकणाचं रबर कसं आहे? फाटलं असेल तरी चालेल, मी बदलून घेईन... आतली लांबी किती? माझे ट्रे दोन फुटांचे आहेत... खालून पाणी सोडायचं भोक मोकळं आहे ना?... मावशी, शनिवारी दोनशे कटलेटची ऑर्डर आहे, पहिलीच मोठी. घरच्या फ्रीजमध्ये मावत नाहीत. तुमची किंमत मला मान्य आहे... उद्या चारला टेम्पो घेऊन येऊ का?" रुचिता थांबली. "इथे तुम्ही अंगठा दिलाय."

"पुढचं."

"मी पोचले मावशी. दाराशी उभी आहे... काही घाई नाही, या सावकाश."

जिजाबाई खाली बसली, मासळीसमोर बसते तशी उकिडवी.

"कल्ले उघडत व्हती गं ती," ती म्हणाली. "रबर, लांबी, भोक... कल्ले उघडत व्हती. आनि मी तिला टाइमपास बोलली." मग फोनकडे बघत, "तिचा टायम मीच खाल्ला."

"मला विचारायचं होतं ना, आई."

जिजाबाईने पदराने तोंड पुसलं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि का नाही जेवली हे कुणी विचारलंही नाही.

रुचिता म्हणाली, मी माफीचं लिहून पाठवते. जिजाबाई नको म्हणाली. शुक्रवारी सकाळी तिने स्वतः बोटाने एकेक अक्षर शोधून लिहिलं. अर्धा तास लागला. 'चुकल. मना विंग्रजी अकशर वाचाया येत न्हाय. फ्रीजर तुमचा हाय. आजच पाठवते. जिजाबाई.' तो मेसेज गेला आणि ती बाजारात गेलीच नाही. फोन माझ्या झाकणावर ठेवून समोर बसून राहिली. सतरा जणांनी तिला ताटकळत ठेवलं होतं, तेव्हा ती चिडली होती. त्या दिवशी ती चिडली नाही.

उत्तर संध्याकाळी आलं, आणि ते आपल्या अक्षरांत होतं. जिजाबाईने बोट फिरवत तीनदा वाचलं. 'मावशी, ती ऑर्डर मी कालच परत केली. आता फ्रीजरची घाई नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.'

शिवी आली असती तर बरं झालं असतं. शिवीला जिजाबाईकडे नेहमी उत्तर असतं.

रविवारी पेणकरपाड्याहून एक माणूस मला बघायला आला. त्याने दोनदा झाकण उघडलं, दोनदा लावलं. रबर, भोक, कॉम्प्रेसर, सगळं विचारलं. "रबर सैल हाय," जिजाबाईने आपण होऊन सांगितलं. चहा दिला. तो "कळवतो" म्हणून गेला आणि त्याने कळवलं नाही. माझ्यावरचे त्याच्या बोटांचे ठसे तिने पुसले.

मित्रांनो, मी अजून इथेच आहे. कामाला लागेन की गंजेन, माहीत नाही. पण एक विनंती करतो. जुन्या वस्तूची काळजी घ्या, रबर बदला, झाकण पुसा, हे तर मी सांगणारच. त्याहून जास्त विचारणाऱ्या माणसाची काळजी घ्या. रिकामटेकडे शंभर येतील, येऊ देत. पण त्यांचा राग एकशे एकाव्यावर काढू नका. आणि तुमच्या घरी आजी मोबाईल लांब-जवळ करून बघत असेल, तर तिने विचारायची वाट बघू नका. ती विचारणार नाही. जवळ बसा आणि वाचून दाखवा.

माझी जाहिरात अजून चालू आहे. फोटो नवे आहेत, सैल रबराच्या बाजूनेही काढलेले. खाली एक ओळ वाढवली आहे. ती रुचिताने सुचवली नाही. जिजाबाईने सांगितली, आणि रुचिता लिहिताना थांबली तर म्हणाली, "लिव. सगल्यांना दिसूंदे."

'मेसेज मराठी अक्षरांत लिहा. मला इंग्रजी वाचता येत नाही. कितीही प्रश्न विचारा.'