काढलेली पाटी आणि राहिलेली चिंधी

मी एके काळी नाशिकच्या भद्रकालीजवळ उभी राहणारी भाड्याची मोटार बोलते आहे. ‘भाड्याची’ हा शब्द ऐकून आपण नाक मुरडले असेल, तर ते मला नवे नाही. ज्यांनी ज्यांनी नाक मुरडले, ते सारे कधी ना कधी माझ्याच गादीवर बसून गेले आहेत.

माझा जन्म विलायतेचा. बोटीने मुंबईस उतरले आणि देवळालीच्या छावणीतील एका साहेबाच्या पदरी पडले. तो मला रोज स्वहस्ते पुसत असे आणि स्वतःच्या बायकोशी आठवड्यातून एकदा बोलत असे. तो स्वदेशी परतला, तेव्हा अन्सारमियांनी मला घेतले. त्यांनी माझ्या फाटक्या गादीत काथ्या भरला आणि पुढे ‘भाड्याने मिळेल’ अशी पत्र्याची पाटी टांगली. माझे समाजातील स्थान त्या दिवशी एका तारेने पक्के झाले.

एका श्रावणात सिन्नरच्या कुसाबाई शेजारणींना घेऊन माझ्यातून त्र्यंबकास गेल्या. विधवा, कष्टाळू आणि कोणाचेही ऐकून न घेणाऱ्या. माझ्या डाव्या दिव्याची तडकलेली काच पाहून त्या थबकल्या.

“अन्सारभाऊ, हिला दिठ लागली बघा कुणाची तरी. लय राबवता तुम्ही हिला.”

त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडला, त्यात बिब्बा गुंडाळला आणि ती चिंधी माझ्या दिव्याच्या दांडीला करकचून बांधली. साहेबाने मला मेण लावले होते. माझी काळजी मात्र प्रथम या बाईने केली.

त्याच वर्षी तुळशीची लग्ने आटोपल्यावर पुढील प्रकार घडला.

नाशिकचे लाकडाचे व्यापारी रंगनाथराव यांनी नवी मोटार घेतली होती आणि त्यांचा मुलगा खंडेराव लग्नाचा झाला होता. मध्यस्थाने सिन्नरच्या मुलीकडे मुलाविषयी थोडके आणि मोटारीविषयी सविस्तर सांगितले. निघण्यापूर्वी रंगनाथरावांच्या पत्नी सगुणाबाई यांनी मोटारीची पूजा केली आणि झेंडूच्या इतक्या जाड माळा तिच्या नाकावर चढवल्या, की त्या बिचारीस वारा लागेना. मोहदरीच्या घाटात तिने वाफ सोडली आणि बसकण मारली. भक्तीने गुदमरलेली मोटार मी त्या दिवशी प्रथमच पाहिली. संगमनेरचे उतारू सोडून मी त्याच वाटेने रिकामी परतत होते.

“मी म्हणतो, एखादी बैलगाडी थांबवू या का?” रंगनाथरावांनी भीत भीत सुचवले.

“बैलगाडी?” सगुणाबाई कडाडल्या. “घरची मोटार सांगितली आहे त्यांना! त्यापेक्षा इथून मागे फिरलेलं बरं.” तेवढ्यात त्यांची दृष्टी माझ्यावर पडली आणि त्यांचा आवाज एकाएकी प्रेमळ झाला. “अहो मिया, सिन्नरला चला. पण आधी ती पाटी काढा. तिथे कोणी विचारलं, तर तुम्ही आमचे ड्रायव्हर आणि ही आमची मोटार.”

“काढतो की, बाई. पाटी काय, म्हणाल तर मिशीबी काढतो.”

पाटी गादीखाली गेली. तंबाखूचा डबा आणि पंक्चरची सोलूशनची बाटली तिच्यामागोमाग गेली. मला ओल्या फडक्याने पुसण्यात आले, हे साहेबानंतर प्रथमच. अन्सारमियांनी दिव्याच्या चिंधीला हात घातला.

“ये चिंधीबी काढू? एका बाईनं दिठीसाठी बांधली होती.”

“हात लावू नका!” सगुणाबाई दोन पावले मागे सरकल्या. “दुसऱ्याची बांधलेली दृष्ट शुभकार्याला निघताना सोडायची? थेट माझ्या खंडूवर येईल ती!”

खोटेपणा इतक्या स्वच्छतेने केलेला क्वचितच पाहावयास मिळतो. वीतभर खरे तेवढे माझ्या दिव्यावर लोंबत राहिले.

वाटेत मुलीच्या आत्याचे नाव कानी पडले आणि माझ्या इंजिनाला गुदगुल्या झाल्या. आत्या म्हणजे माझ्या कुसाबाई! अन्सारमियांनी मिशीवरून हात फिरवला. ड्रायव्हरने मध्ये बोलू नये, अशी त्यांना सक्त ताकीद होती.

मुलीचे नाव चंद्रभागा. आईबाप प्लेगात गेलेले. आत्याने होकार दिला की तिचा साऱ्या जन्माचा मार्ग ठरणार होता, आणि तो एकदा ठरला की त्यावरून कोणतीही मोटार मागे फिरत नाही.

कुसाबाई दारात आल्या. त्यांनी पाहुण्यांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नव्या मोटारीला कुंकू लावण्यास हळदकुंकवाचे ताट घेतलेल्या चंद्रभागेसह त्या माझ्याकडे वळल्या. डाव्या दिव्यापाशी त्या थबकल्या. त्यांनी गाठीकडे पाहिले. मग अन्सारमियांकडे पाहिले. अन्सारमिया आकाशातील एका घारीकडे पाहू लागले.

“हिचं मागाहून,” एवढेच म्हणून कुसाबाई चंद्रभागेला घेऊन परतल्या.

मग पडवीत मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला. सगुणाबाईंनी तिला चालवले, वाकवले, वाचावयास लावले, दात दिसावेत म्हणून हसवलेही. मला विकत घेताना अन्सारमियांनी एवढी तपासणी केली नव्हती. आणि माझे तर टायरही झिजलेले होते.

“आता मी एकच इचारते,” कुसाबाई म्हणाल्या. “पोराला. बाबा, ही मोटार कुणाची?”

खंडेरावांनी आईकडे पाहिले.

“आमचीच की! घरची,” सगुणाबाई म्हणाल्या.

“तुम्हाला नाय इचारलं, बाई. बोल बाबा.”

खंडेरावांनी पुन्हा आईकडे पाहिले, मग कपबशीकडे. “आई म्हणते तसंच. आमचीच.”

कुसाबाई उठल्या. “ती गाठ माझ्या हातची हाय. माझ्या लुगड्याचा काठ हाय तो. याच मोटारीतून मी तिरमकला जाऊन आले. भाड्याची मोटार मला चालती, पाव्हणं. पर ज्याला उत्तरबी आईकडून भाड्यानं आणावं लागतं, असा जावई नाय चालायचा.”

“अहो, पण आमची मोटार खरोखरच आहे!” रंगनाथराव कळवळून म्हणाले. “घाटात उभी आहे!”

“असंल की. माझा हत्तीबी येशीबाहेर उभा हाय.”

घाटातील मोटार हे त्या मंडळींनी सिन्नरात उच्चारलेले एकमेव सत्य. त्यावरच कोणी विश्वास ठेवला नाही.

पाहुणे माझ्यात बसले. अन्सारमियांनी गादीखालची पाटी काढली, बाहीने पुसली आणि जागच्या जागी टांगली. ते हँडल मारणार, तोच आतून चंद्रभागा ताट घेऊन धावत आली.

“आत्या, हिचं राहिलं होतं ना?”

तिने माझ्या कपाळी कुंकू लावले. पाहुण्यांसमोर तिने मान वर केली नव्हती. आता तिने केली, आणि ती चक्क हसली. या खेपेस कोणाला दात मोजावयाचे नव्हते.

परतताना घाटातील नवी मोटार दोराने माझ्या पाठीशी बांधण्यात आली. पुढे ‘भाड्याने मिळेल’ मिरवीत मी, मागे सुकलेल्या झेंडूतील ती. नाशिककरांनी रविवार कारंजावर अन्सारमियांना विचारले, “मागचीचं भाडं काय घेता हो?” सगुणाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला.

पुढे सिन्नरच्या शाळेतील एक मास्तर सायकलवरून चंद्रभागेला पाहावयास आले. दारात पाऊल टाकण्यापूर्वीच म्हणाले, “सायकल भावाची आहे.” कुसाबाईंनी लग्नाला होकार दिला आणि वरातीला मला बोलावले. पाटी काढू दिली नाही.

आता मी अन्सारमियांच्या घरामागे शेवग्याखाली उभी आहे. इंजिन थंड आहे आणि मागच्या गादीवर त्यांच्या बीबी रोशनबींच्या कोंबड्या अंडी घालतात. त्या भाडे देत नाहीत. कुंकू पुसले गेले, पाटी गंजली. हिरवी चिंधी मात्र अजून दिव्याला आहे.

उद्या भंगारवाला येईल. त्याने दिवे न्यावेत, पत्रा न्यावा. माझे मागणे एवढेच, की ती गाठ त्याने सोडू नये. सुटली, तर चंद्रभागेकडे पोहोचवावी. तिच्या घरी आता मुलगी आहे, आणि आज ना उद्या तिलाही कोणीतरी मोटारीतून पाहावयास येईल.