डाव्या पायाला हात नको

मनुबाई दिवेआगरात बाळंतिणींना तेल लावायची. एकोणीसशे एकतीसच्या माघात ती रोज सकाळी नूरबानूबीबींच्या घरी जात होती. त्यांच्या सुनेला, मुनिराला, पहिलीच मुलगी झाली होती. नवरा नुरुद्दीन जहाजावर होता.

तेराव्या दिवशी मुनिरा डावा पाय हलवेना. पोटरीत रात्रभर कळ मारत होती म्हणाली. मनुबाईने गोधडी बाजूला केली. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच जाड झाली होती, कातडी ताणून चकचकत होती. मनुबाईने तळवा नुसता टेकवला. पाय तापला होता. तिने हात चटकन मागे घेतला.

नूरबानूबीबी दारातच उभ्या होत्या. पडून पडून पाय आखडला असेल, गरम तेलाने जोर लावून चोळ, असं त्यांनी सांगितलं. आपण या पायाला हात लावणार नाही, श्रीवर्धनच्या डॉक्टरला आणा, असं मनुबाई म्हणाली. बीबींना वाटलं, ही अंग चोरते आहे. परका पुरुष बाळंतिणीच्या खोलीत आणायचा, तोही मुलाला न विचारता, हे त्यांना पटेना. मुलाला पत्र पोचायलाच महिना गेला असता. त्यांनी शेजारच्या आळीतल्या केसरला निरोप धाडला. केसरही तेल लावायची, आणि तिच्या हाताला जोर होता.

मनुबाई तेलाची वाटी ठेवून ओटीवर आली. आता तिने घरी जायचं, एवढंच उरलं होतं. पण सुपारीच्या वाडीतून केसर येताना दिसली. मनुबाई माघारी फिरली आणि बाजेवर मुनिराच्या पायांशी जाऊन बसली.

"बीबी, बोर्लीच्या रंगूचा पाय असाच सुजला व्हता," ती म्हणाली. "मी चोळला."

रंगूची गोष्ट आठ वर्षांपूर्वीची. मनुबाईने घाम येईपर्यंत तिची पोटरी रगडली होती. रंगू एकाएकी उठून बसली, छातीत दुखतंय म्हणाली, आणि पाणी आणेपर्यंत संपली. लोकांनी बाहेरची बाधा म्हटलं, मनुबाई गप्प राहिली. पुढे श्रीवर्धनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईने तिला सांगितलं, की बाळंतपणानंतर कधी कधी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरते. चोळलं तर ती सुटून छातीकडे जाते.

मनुबाई हे सांगत असताना केसर उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती.

"इतकी वरसं कुणाला बोलली नाहीस?" बीबींनी विचारलं.

"न्हाय. मग मला कोणी दारात तरी घेतलं असतं का?"

मुनिरा दोघींकडे पाहत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. बीबींनी एकदा सुनेच्या पायाकडे पाहिलं. मग त्यांनी आपल्या दिराला, अलीमियाँना, हाक मारली आणि छकडा जुंपून डॉक्टरला घेऊन यायला सांगितलं.

तो दिवस सरता सरेना. मुनिरा खोकली की मनुबाईचा जीव वरखाली व्हायचा. बाळ रडलं तेव्हा मुनिरा उठू लागली. मनुबाईने तिचा खांदा धरून तिला निजवलं आणि बाळाला तिच्या कुशीत दिलं. बीबी नमाजाला गेल्या तरी पुन्हा पुन्हा दाराशी येऊन सुनेचा श्वास चालतोय ना, ते पाहून जात होत्या.

ऊन उतरताना छकडा आला. बीबींनी बाजेपुढे चादर धरली. डॉक्टरांनी पाय बघितला आणि पहिल्यांदा विचारलं, कुणी चोळला का? नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. पाय कापसात गुंडाळून उशीवर उंच ठेवायचा, बाजेवरून उतरायचं नाही, तेल नाही, शेक नाही. बरी होईल ना, असं बीबींनी विचारलं. "पंधरा दिवस काढू द्या, मग सांगतो," डॉक्टर म्हणाले.

ते पंधरा दिवस मनुबाई रोज येऊन मुनिराजवळ बसली. रंगूची गोष्ट एव्हाना बोर्लीपर्यंत पोचली होती. दोन घरांनी मनुबाईला येऊ नको म्हणून कळवलं, आणि रंगूच्या आईने वाटेत तिच्याकडे पाहून तोंड फिरवलं.

मुनिरा वाचली. चैत्र संपताना ती काठी धरून ओटीपर्यंत चालू लागली. संध्याकाळी पाय सुजायचा, तो पुढेही सुजतच राहिला. एका सकाळी बीबींनी तेलाची वाटी मनुबाईपुढे ठेवली आणि मुनिराची पाठ भरून आलीय म्हणाल्या.

"डाक्टरला विचारलंत?"

"अलीमियाँ काल मुद्दाम जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, पाठीला, खांद्याला लावा. त्या पायाला नको."

मनुबाईने तेलात बोटं बुडवली. मुनिराच्या खांद्यावर तळवा नुसता टेकवला.

"दुखत नाही, मावशी," मुनिरा म्हणाली. तरी मनुबाईने जोर काही लावला नाही.