डावीकडची वायर

निळ्या वायरीच्या टोकावर दातांचे ठसे होते. प्लास्टिक चावून चावून पांढरं पडलेलं, त्यातून तांब्याचे केस पिंजारून बाहेर आलेले — तेही सगळे नाहीत, काही थुंकले गेले असणार. वायर सोलायचं हत्यार समोर डॅशबोर्डवर पडलेलं असताना माणसाने ती दातांनी सोलावी आणि वर म्हणावं, "तेवढीच तुला मदत..." अंजलीने ते टोक कापून टाकलं. धम्मरत्नने, तिच्या नवऱ्याने, घरातली प्रत्येक वायर अशीच सोलली होती — मिक्सरची, इस्त्रीची, बेलची — सोलायची, पिळायची, वर काळी टेप, की झालं. चाकणला, गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात, तिच्या लाइनवर जोड दिलेली वायर सरळ बाद मालाच्या लाल पेटीत जायची.

पार्किंगच्या खांबाला टेकून हिंदुराव उभे होते. सोसायटीचे सेक्रेटरी, रविवारीही कडक इस्त्रीचा शर्ट.

"ताई, आज तरी पेटणार का दिवा? न्हाई, संध्याकाळी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. बंद गाडी ठेवायची न्हाई असा ठरावच हाय."

"येऊ द्या. त्यालाही चहा पाजू."

"बायामाणसाचं काम न्हाई हो हे. उंदरांनी खाल्लेली गाडी ती."

तिने वर पाहिलं नाही. याच माणसाची घराएवढी गाडी मागच्या उन्हाळ्यात बंद पडली, तेव्हा हा आत घामाघूम होऊन कंपनीला फोन लावत बसला होता — दार उघडून बाहेर यावं हे सुचलं नव्हतं. असल्यांची आपण ताई व्हायचं.

ही जुनी फियाट तिने दापोडीच्या एका गॅरेजमागून ओढून आणली, लाइन बंद झाली त्याच महिन्यात. कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. तिने कुणालाच सांगितलं नाही. ऐकून घेण्याची लायकी कुणाची होती? उभ्या बोर्डावरच्या खुंट्यांमधून वायरी ओढायच्या, टेप गुंडाळायची, गाडीभर पसरणारं ते जाळं घडी करून खोक्यात ठेवायचं... आणि खोकं जायचं. कुठल्या गाडीत, कुठल्या रस्त्यावर — उभा जन्म गाड्यांना उजेड पुरवून आपल्या हातचा एकही दिवा पेटलेला तिने पाहिला नव्हता. तेवढा एक पाहायचा होता.

नव्या पोरींना मात्र ती शिकवायची, तेही न चिडता. नेहा पहिल्या दिवशी रडली, तेव्हा तिचं मनगट धरून अंजलीने खुंटीवरून खुंटीवर फिरवलं होतं, पुन्हा पुन्हा, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. "रंग डोळ्यांनी बघ बाळा, पण वाट बोटांना शिकव. डोळे थकतात." आणि आठवड्यानंतरही कुणी भिंतीवरच्या नकाशाकडे बघताना दिसली, की मग तिला ती मुलगी आवडेनाशी व्हायची.

इथेही तिने एका जुन्या दारावर खिळे ठोकून सगळं जाळं तयार केलं. इंजिनाकडचं आणि मागच्या दिव्यांचं सुतळीने मोजून घेतलं होतं. डॅशबोर्डचं नाही. ते काय मोजायचं! ते बोटांना पाठ होतं.

वायरींचा जुडगा इंजिनाच्या बाजूने डावीकडच्या भोकातून आत आला, सापासारखा अलगद. ती स्टिअरिंगसमोर बसली, हात लांबवून त्याची जाड फांदी ओढली — किल्ली, इंडिकेटर, मोठे दिवे, सगळं त्या फांदीत. फांदी डावीकडेच अडली. पुन्हा ओढली. स्टिअरिंगपर्यंत पोचली ती एकच बारीक वायर, भरपूर लांब, ऐटीत... या गाडीत नसलेल्या, शेजारच्या सीटपुढच्या कप्प्याच्या दिव्यासाठी.

मग तिचा हात थांबला.

एक्सपोर्ट. त्यांची लाइन एक्सपोर्टची होती. तिकडे म्हणे डावीकडे बसून चालवतात. पहिल्या दिवशी कुणीतरी सांगितलंही असेल, पण बोटांना त्याचं काय? ती इमानाने परक्या देशाची वाट पाठ करत राहिली, आणि इथे, स्वतःच्या गाडीत, कुणी न सांगता तिकडेच वळली.

तिने धम्मरत्नकडे पाहिलं. तो चहा घेऊन आला होता. हसला असता तर बरं झालं असतं — हसणाऱ्याचं काय करायचं ते तिला येत होतं. तो वाकून फक्त बघत होता.

"पोचत नाही?"

"नाही."

"मग जोड दे ना, अंजे. टेप आणू?"

"पेटला काय हो दिवा?" हिंदुराव खांबापासून म्हणाले.

ती उतरली, वळसा घालून गेली, डावीकडचं दार उघडून आत बसली. वायरी बरोबर तिच्या गुडघ्यांशी येऊन थांबल्या होत्या — एक सूत कमी नाही, एक सूत जास्त नाही, जणू माप घेऊन तिच्यासाठीच केलेल्या. काम काय सुंदर होतं... समोर स्टिअरिंग तेवढं नव्हतं. बाहेर धम्मरत्न टेपचं सुटं टोक नखाने शोधत होता, सापडत नव्हतं. ती नेहमीसारखी मनातल्या मनात त्याला काहीतरी म्हणायला गेली, आणि शब्द आला नाही. दुसऱ्या कुणासाठीही आला नाही. हिंदुरावांसाठीसुद्धा.

हत्यार पलीकडे राहिलं होतं, स्टिअरिंगसमोर; इथून हात पोचत नव्हता. मागितलं असतं तर त्याने दिलं असतं. तिने निळी वायर उचलली आणि टोक ओठांमध्ये धरलं. प्लास्टिकची मचूळ चव. दात हळूच टेकवले — अजून चावली नव्हती — आणि तिला वाटलं, आता या क्षणी कुणी आपल्याकडे पाहू नये... नेहाने तर नाहीच.