खरात साहेब पडेगावला तपासणीला जातात

काकासाहेबांचा फोन आला तेव्हा मोतीराम खरात भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि फोन संपला तेव्हा ते आरशासमोर उभे होते.

"साहेब, एक काम हाय तुमच्याजोगं."

"माझ्याजोगं आता एकच काम. सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या."

"ऐका तर. पडेगावच्या पुढं सांजसोबत म्हणून केंद्र निघालंय. ज्यांचं दुखणं आता बरं होणार नाय, अशी माणसं ठेवतेत तिथं, शेवटपर्यंत. आपल्या निवृत्त मंडळातल्या कुणावर तशी येळ आली तर धाडावं का नाय, हे एकदा नीट बघून यायला पाहिजे. जाहिरात तर समद्यांचीच गोड असती."

"मग जा की तुम्ही."

"म्या गेलो तर चहा पिऊन येतो. तुम्ही गेले तर चहाची भांडी बघून येता."

खरात साहेब हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळं बरगडीखाली कळ आली, ती त्यांनी हातानं दाबली. शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून कन्नड तालुक्यातल्या शाळा त्यांनी अशा तपासल्या होत्या की ते आले म्हटलं की हेडमास्तर आधी शर्टाचं वरचं बटण लावत. काकासाहेब तेव्हा देवगाव रंगारीचे केंद्रप्रमुख. एकाच मोटारसायकलवर दोघं फिरले, एकाच डब्यात जेवले. हाक मात्र शेवटपर्यंत 'साहेब' आणि 'काकासाहेब' अशीच राहिली.

"रविवारी जातो," खरात साहेब म्हणाले. "अपेक्षाला गाडी काढायला सांगतो."

"सांगितलंय म्या," काकासाहेब म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "म्हंजे, सांगतो."

हे त्यांनी ऐकलं. पण पुरुषाला दाढीचं सामान सापडत नसलं की त्याचं बाकी लक्ष कशातच नसतं.

*

*परिसर: डांबरी रस्त्यापासून आत. फाटकाला कुलूप नाही, ही चांगली बाब. आवारात कडुनिंब. दौलताबादचा किल्ला दिसतो, त्याचा रुग्णांना उपयोग काय ते विचारावं.*

अहवाल ते डोक्यातच लिहीत. कागद बाहेर काढला की माणसं सावध होतात, हा त्यांचा जुना अनुभव.

गाडी अपेक्षानं चालवली. अपेक्षाची आई गेल्यापासून ते सिडकोत लेकीकडंच राहत होते. उन्हाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले, इस्पितळात पोटात नळी टाकली, तेव्हा तीच धावली. "पित्ताच्या नळीत खडा होता अण्णा, निघाला. सूज उतरायला वेळ लागेल," असं ती म्हणाली आणि ते मान हलवून झोपले. तालुक्यातल्या शाळांचे कागद उलटेसुलटे करून पाहणाऱ्या या माणसानं स्वतःची फाईल एकदाही मागितली नाही. लेकीच्या हातात आहे ना, मग झालं.

छावणी मागं पडली तरी अपेक्षा गप्पच.

"तुला कंटाळा आला असेल तर मला फाटकावर सोड आणि जा," ते म्हणाले.

"नाही अण्णा."

"मग तोंड असं का? मी काय तुझी शाळा तपासायला चाललोय?"

तिनं पुढच्या ट्रकला विनाकारण हॉर्न दिला.

*

आधी पाणी. टाकीचं झाकण त्यांनी स्वतः उचलायला लावलं.

"नळाचं येतं का?"

"नळाचं ज्या दिवशी येईल त्या दिवशी सण, सर," प्रेरणा सिस्टर म्हणाल्या. केंद्राचा रोजचा कारभार त्यांच्याकडं होता. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, चालताना पुढं न जाता बरोबरीनं चालणाऱ्या. "टँकर ठरलेला आहे. शहरात सगळ्यांचं तेच."

मग संडास. मग स्वयंपाकघर, पातेल्यात बोट घालून. वरण पातळ होतं. का, तर गिळता येत नाही अशांसाठी वेगळं करतात. घट्ट वरणाचं पातेलं मागं होतं. त्यांनी तेही पाहिलं.

*भोजन: समाधानकारक. दोन प्रकारचं वरण, ही बाब इतर संस्थांनी...*

वाक्य तिथंच राहिलं, कारण शेजारच्या वॉर्डातून एका बाईनं हाक मारली.

"ओ पाव्हणं! इकडं या की. समद्यांचं बघता, आमचं बी बघा."

गोजरबाई फर्दापूरच्या. लेण्यांच्या पायथ्याशी त्यांनी आयुष्यभर चहा विकला होता. आता पाय उशीवर, पोट फुगलेलं, पण जीभ जागेवर. खरात साहेब त्यांच्या पलंगाजवळच्या स्टुलावर बसले. शाळेत ते असेच शेवटच्या बाकावरच्या पोराजवळ जाऊन बसत.

"आजी, इथं काही त्रास?"

"हाय की. ह्या पलीकडच्या बाईचं घोरणं. मरंना झालीय आन झोपू बी देईना."

पलीकडची बाई डोळे मिटूनच म्हणाली, "तूच घोरतीस."

"दुखतं का?"

"दुखायचं. आता नाय. ह्या पोरी कळ येण्याआधीच औषध देतेत. घरी कळ आल्यावर समदे पळायचे." गोजरबाई त्यांच्याकडं निरखून पाहू लागल्या. आधी डोळ्यांकडं, मग गळ्यापाशी सैल पडलेल्या कॉलरकडं. "तुम्ही कवा येताय?"

"मी? मी तपासणीला आलोय आजी. मंडळातर्फे."

"व्हय का." गोजरबाईंनी पांघरूण वर ओढलं. "म्या बी पहिल्यांदा कुणाला तरी भेटायला म्हणूनच आले व्हते. लेकानं आणलं व्हतं. फार सोज्वळ पोरगा."

खरात साहेब उठले. स्टूल जागेवर ठेवलं. म्हातारीची चेष्टा म्हणून सोडून द्यायला हरकत नव्हती, आणि त्यांनी ती सोडलीही. खिडकीतून आवारात अपेक्षा दिसत होती. कडुनिंबाखाली उभी, फोन कानाला, दुसऱ्या हातानं तोंड झाकलेलं.

*

*कर्मचारी: प्रश्नांची उत्तरं थेट देतात. रुग्णांशी वागणूक...*

*रुग्ण: मनमोकळे. जरा जास्तच.*

*संस्थेच्या प्रामाणिकपणाबाबत एक प्रश्न शेवटी विचारावा.*

हा प्रश्न ते प्रत्येक शाळेत शेवटी विचारत. शाळेत तो असायचा, 'मी येणार हे कधी कळलं?' इथं त्यांनी तो बदलला. व्हरांड्यात प्रेरणा सिस्टर औषधांच्या कपाटाला टेकून उभ्या होत्या, ते समोरच्या खुर्चीत.

"सिस्टर, समजा घरचे म्हणाले, आमच्या माणसाला त्याचा आजार सांगू नका. तुम्ही काय करता?"

"आपण होऊन सांगत नाही. पण त्यानं विचारलं, तर खोटं बोलत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. आणि माणसाला स्वतःला माहीत असल्याशिवाय त्याला इथं ठेवून घेत नाही. त्यावरून नातेवाईक भांडतात आमच्याशी."

"आणि फसवून आणलं तर?"

वॉर्डात कुणीतरी खोकलं. सिस्टरांनी आवाराकडं पाहिलं, मग परत त्यांच्याकडं.

"सर, हे तुम्ही मंडळासाठी विचारताय का स्वतःसाठी?"

आता हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारून चेहरे वाचत आलेला. कोणता मास्तर खडू संपला म्हणून थांबलाय आणि कोणाला उत्तरच येत नाही, हे त्याला दारातून कळायचं. समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्यांना एका क्षणात कळलं. आणि मग मागचं सगळं उलट्या क्रमानं कळत गेलं: म्हातारीचे निरखणारे डोळे, ट्रकला दिलेला हॉर्न, 'सांगितलंय म्या', उन्हाळ्यातला तो खडा. तो खडा त्यांना कुणी दाखवला नव्हता. आणि त्यांनी, मोतीराम खरातांनी, 'दाखवा' म्हटलं नव्हतं.

"स्वतःसाठी विचारलं," ते म्हणाले, "तर उत्तर बदलतं का?"

"नाही. पण मग मी उभ्यानं सांगणार नाही."

खरात साहेबांनी शेजारची खुर्ची स्वतः ओढली.

"बसा," ते म्हणाले.

त्या बसल्या आणि त्यांनी सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. यकृतात गेलाय. नळी फक्त कावीळ उतरावी म्हणून टाकली. दिवस किती ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण पुढचा उन्हाळा धरू नका. त्यांनी मध्ये फक्त एकदा विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"अपेक्षाताई दोन आठवड्यांपूर्वी कागद घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, आधी त्यांना सांगा, मग घेऊन या. काल फोनवर म्हणाल्या, सांगितलंय. नाही सांगितलं, हे मला आत्ता तुमच्या प्रश्नावरून कळलं." त्या थांबल्या. "आमचीही चूकच, सर. मी फोनवर विश्वास ठेवायला नको होता."

"मी पण फोनवरच ठेवला," खरात साहेब म्हणाले.

*

*शिफारस:*

*

काकासाहेबांना त्यांनी व्हरांड्यातूनच फोन लावला. संधी द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. एक.

"बोला साहेब! कसं हाय केंद्र?"

"उत्तम आहे. काही खोट काढता येत नाही."

"म्या म्हणलं नव्हतं? चहाची भांडी?"

"घासलेली. काकासाहेब, एक विचारायचं होतं. मंडळातर्फे पहिलं कुणाला पाठवायचं ठरलंय?"

पलीकडं कुठंतरी टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"त्ये... तसं कुणाचं नाय अजून. मिटिंगीत बघू की."

"कुणाचंच नाही?"

"नाय ना. देवाच्यान."

"मी सिस्टरना विचारलंय, काकासाहेब."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"साहेब, पोरगी घरी येऊन रडली हो. म्हणली, अण्णा ऐकायचे नाय, जायचे बी नाय. तपासणी म्हणलं तर तेवढे उठतील. लई जिवावर आलं माझ्या. तुमच्या चांगल्यासाठीच..."

"तुमच्या केंद्रातल्या शाळा मी कशा तपासायचो, आठवतं?"

"आठवतं की."

"बाकी सगळीकडं मी पोरांची डोकी मोजली. तुमच्याकडं कधी मोजली नाहीत. तुम्ही सांगायचे तो आकडा लिहायचो आणि आपण जेवायला बसायचो. ते आकडे खरे होते का?"

"साहेब, आता हे काय काढलं मधीच..."

"खरे होते का?"

आजवर काकासाहेबांना 'व्हय' म्हणायला कधी एवढा वेळ लागला नव्हता. खरात साहेबांनी फोन बंद केला. आजाराचं त्यांना कळलं ते सिस्टरांकडून, सरळ, आणि ते कसंबसं पेलता येत होतं. हे मात्र मागं मागं पसरत चाललं होतं: देवगावचा रस्ता, बाभळीखालचा डबा, पावसात ढकललेली मोटारसायकल. कुठवर गेलंय ते दिसत नव्हतं.

*

गाडीत ते मागच्या सीटवर बसले. अपेक्षानं पुढचं दार उघडून धरलं होतं, ते तसंच थोडा वेळ उघडं राहिलं.

पडेगाव येईपर्यंत ती रडत होती. मग म्हणाली, "अण्णा, मी रस्त्यात सांगणार होते. जाताना. तोंडातून निघालंच नाही. तुम्ही इतके खूश होतात."

"होय. होतो."

"तुम्ही खचून गेला असता."

"कदाचित. खचतो का, ते मला बघायला मिळालं असतं." ते खिडकीतून बाहेर बघत बोलत होते. "जाऊ दे. झालं ते झालं. आता एक खरं सांग. डॉक्टरांनी तुला काय सांगितलं? शेवटी शेवटी काय काय होतं? मला शुद्ध राहील का?"

हे त्यांनी अधिकारी म्हणून विचारलं नव्हतं. आवाज खाली आला होता. लहानपणी तिला ताप चढला की ती अशाच आवाजात विचारायची, सुई टोचणार का. ते सांगायचे, हो, टोचणार, मी हात धरतो.

अपेक्षानं आरशात त्यांच्याकडं पाहिलं. डोळे पुसले. चेहरा नीट केला.

"काही होणार नाही अण्णा तुम्हाला," ती म्हणाली. "पुण्याला एक वैद्य आहेत. लोक चालत गेलेत परत."

छावणीचा सिग्नल लाल झाला. गाडी थांबली. शेजारी एक रिक्षा येऊन उभी राहिली, तिच्यात कुणाच्या तरी लग्नाचे आहेर कोंबलेले होते आणि त्यांच्यावर एक बाई बसून केळं खात होती.

खरात साहेबांनी खिशातून फोन काढला. नंबर लावला. हळू बोलण्याचं काही कारण आता उरलं नव्हतं.

"प्रेरणा सिस्टर, खरात बोलतोय. पलंग कधी रिकामा होतो?... गुरुवारी चालेल. मी येतो. नाही, विचार झाला माझा. हो, मला माहीत आहे सगळं, तुम्हीच सांगितलंत ना." मग ते ऐकत राहिले. "सोबत?"

अपेक्षा वळून बघत होती. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले होते, सिग्नल केव्हाच सुटला होता.

"सोबत कुणी नाही," ते म्हणाले. "रिक्षा करून येईन."